नाशिक जिल्ह्यातील वंशावळ संशोधन

नाशिक जिल्ह्यातील वंशावळ संशोधन म्हणजे या जिल्ह्यात मूळ असलेल्या, किंवा तीर्थयात्रा, नोकरी व स्थलांतर यांमुळे जिल्ह्याशी संबंध आलेल्या कुटुंबांच्या मागील पिढ्यांचा लेखी साधनांच्या आधारे घेतलेला शोध होय. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थपुरोहितांच्या वह्या हे या शोधाचे सर्वांत प्रसिद्ध साधन आहे. त्याखेरीज पेशवेकालीन व इंग्रजकालीन महसुली दप्तर, वतनाचे कागद, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि ख्रिस्ती मिशन व लष्करी छावणी यांच्या धर्मनोंदी हीही महत्त्वाची साधने आहेत.

यांतील एकही साधन वंशावळ जपण्याच्या शुद्ध हेतूने निर्माण झालेले नाही. पुरोहिताने यजमान राखण्यासाठी, सरकारने सारा वसूल करण्यासाठी, तर धर्मोपदेशकाने बाप्तिस्म्याची नोंद राहावी म्हणून लिहिले. पूर्वज ज्या कामासाठी त्या लेखकासमोर उभा राहिला, तेवढ्यापुरताच तो कागदावर सापडतो. संशोधकाने हे आरंभीच ध्यानात घेतले नाही, तर एका वहीत नाव न मिळाल्याने तो निराश होतो किंवा मिळालेल्या पहिल्याच नावावर नको इतका विश्वास ठेवतो.

तीर्थपुरोहितांच्या वह्या

गोदावरीच्या काठी पंचवटीतील रामकुंड येथे अस्थिविसर्जन व श्राद्धकर्म करण्यासाठी, तसेच त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करण्यासाठी महाराष्ट्रातून व बाहेरूनही यात्रेकरू येत आले आहेत. गुरू सिंह राशीत असताना भरणाऱ्या सिंहस्थात ही संख्या अनेक पटींनी वाढते. यात्रेकरूचे धार्मिक विधी करणाऱ्या पुरोहितास तीर्थोपाध्याय अथवा क्षेत्रोपाध्याय म्हणतात. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे वा कोणत्या ज्ञातीचे यजमान कोणत्या पुरोहित घराण्याकडे जावयाचे, हे परंपरेने ठरलेले असते. हे यजमानकृत्य वारसाहक्काने चालते, आणि पुरोहित घराण्यात वाटणी झाली की वह्यांचीही वाटणी होते. नाशिकमधील पुरोहितांची संघटना श्री गंगा गोदावरी पंचकोटी पुरोहित संघ या नावाने ओळखली जाते.

यात्रेकरू आला की पुरोहित त्याला दोन प्रश्न विचारतो : मूळ गाव कोणते आणि आडनाव काय? उत्तर जुळले की वही उघडली जाते आणि पूर्वी कोण, केव्हा व कशासाठी येऊन गेले ते वाचून दाखवले जाते. त्यानंतर नव्याने आलेल्या व्यक्तीची नोंद होते. या नोंदींना लेख किंवा नामावळी म्हणतात. एका नोंदीत सामान्यतः आलेल्या व्यक्तीचे नाव, वडील व आजोबा यांची नावे, भाऊ, मुले, घरातील स्त्रिया, मूळ गाव व हल्लीचे वास्तव्य, येण्याचे कारण आणि तिथी-शक असा मजकूर असतो. ज्याला लिहिता येते त्याच्या हातूनच नोंद करून घेण्याची वा निदान सही घेण्याची रीत आहे. त्यामुळे पणजोबांचे प्रत्यक्ष हस्ताक्षर पाहण्याचा योग पुष्कळांना इथेच प्रथम येतो. घरात ज्यांचे छायाचित्रही उरलेले नाही, अशा माणसाचे बोरूने काढलेले अक्षर समोर आल्यावर यजमान काही वेळ निःशब्द होतात, हा पुरोहितांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे.

वहीचे खरे सामर्थ्य आडव्या नात्यांत आहे. महसुली कागदात जमीन ज्याच्या नावे आहे तोच दिसतो. वहीत मात्र जमीन न मिळालेला धाकटा भाऊ, परगावी गेलेला चुलता, निपुत्रिक काका हेही आढळतात. ‘मूळ राहणार’ आणि ‘हल्ली वस्ती’ अशा दुहेरी उल्लेखामुळे, एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात, इंदुरास किंवा मुंबईस गेलेल्या शाखा मूळ गावाशी जोडता येतात. आडनाव बदललेल्या घराण्यांना याचा विशेष उपयोग होतो. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही पदनामे अनेक कुटुंबांत आडनावे म्हणून रूढ झाली, आणि त्याआधीचे उपनाम फक्त जुन्या लेखांत उरले.

वहीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. नोंद यजमान सांगेल तशी होते. पुरोहित तिची शहानिशा करीत नाही व तशी अपेक्षाही नाही. ज्या पिढीत कोणी नाशिकला आलेच नाही, ती पिढी पुढील येणाऱ्याच्या स्मरणावरच लिहिली जाते आणि तेथे एखादे नाव गळणे अगदी स्वाभाविक असते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे गोविंद त्र्यंबक, त्र्यंबक गोविंद, पुन्हा गोविंद त्र्यंबक अशी साखळी तयार होते. तिच्यातील दोन गोविंद एकच समजले, की दोन पिढ्या पुसल्या जातात. एका पिढीस सुमारे पंचवीस ते तीस वर्षे धरून तारखा ताडून पाहणे हा यावरचा साधा उपाय होय.

स्त्रियांचा माग वहीत सर्वांत अवघड असतो. विवाहित मुलीची नोंद सासरच्या पुरोहिताकडे जाते, आणि विवाहात नाव बदलण्याची रीत असल्याने एकच स्त्री माहेरच्या वहीत एका नावाने आणि सासरच्या वहीत दुसऱ्या नावाने आढळते. दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे सांगणारा दुवा बहुधा कागदावर नसतो. तो घरातील वृद्ध स्त्रियांच्या आठवणीत असतो. वंशावळ मांडू पाहणाऱ्याने दप्तराकडे जाण्याआधी आजी, आत्या व मावशी यांच्याकडे बसावे, हा अनुभवी अभ्यासकांचा सल्ला त्यामुळेच योग्य ठरतो.

अशा वह्या ठेवण्याची परंपरा हरिद्वार, प्रयाग, गया अशा अन्य तीर्थक्षेत्रीही आहे. अमेरिकेतील युटा राज्यातील वंशावळ संस्थेने १९७७ पासून हरिद्वार व उत्तरेकडील इतर तीर्थांतील वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकात हेच काम हेळवी समाजाचे लोक गावोगाव फिरून करीत. तेथे यजमान वहीकडे जात नसे, तर वहीच यजमानाच्या दारी येत असे.

मोडी लिपी, सन आणि संक्षेप

जुने लेख व दप्तर बहुतांशी मोडी लिपीत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी कामातून मोडी मागे पडली व बाळबोध रूढ झाली. आज पन्नाशीच्या आतील वाचकाला आपल्याच आजोबांचे पत्र वाचता येत नाही, ही मराठी शिक्षणातील उणीवच म्हणावी लागेल. मोडीत पानभर शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिण्याची पद्धत होती. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. त्यामुळे नाव कोठे संपले आणि गावाचे नाव कोठे सुरू झाले, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

कालगणना हा दुसरा अडसर आहे. वह्यांत प्रायः शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि पौष-माघाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलल्यावर ७९ मिळवावे लागतात. महसुली कागदांत फसली सन असतो. त्यात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळवतात. पेशवाईतील कागदांवर मृग नक्षत्रापासून सुरू होणारा सुहूर सन अरबी संख्यानामांनी लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७३. त्यात ५९९ मिळवले असता १७७२ च्या मृगापासूनचे वर्ष येते, आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात.

नात्यांचे शब्द नीट समजले नाहीत, तर वंशवृक्षच चुकतो. ‘बिन’ व ‘वलद’ हे शब्द अमक्याचा मुलगा या अर्थी, तर ‘कोम’ हा अमक्याची पत्नी वा विधवा या अर्थी येतो. सातबारा व फेरफारांत दिसणारे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. यावरून त्या वेळी वारस वयाने लहान होता हे कळते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे अक्षर दिसले की त्या एका नावामागे न लिहिलेले भाऊ आहेत असे समजून पुढे शोध घ्यावा.

महसुली, वतनाची व शाळेची दप्तरे

आज ज्याला नाशिक जिल्हा म्हणतात, तो १८६९ मध्ये स्वतंत्र झाला. त्यापूर्वी नाशिककडील भाग अहमदनगर जिल्ह्याखाली, तर मालेगाव-बागलाणकडील भाग खानदेशात होता. म्हणून १८६९ पूर्वीचा कागद शोधताना या दोन जिल्ह्यांचा विचार करावा लागतो. सुरगाणा हे १९४८ पर्यंत लहानसे संस्थान होते, आणि पेठचे संस्थान एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमलाखाली आले. तेथील दप्तराची वाट निराळी आहे.

पेशवाईचा कागद पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात आहे. इनाम किंवा वतन असलेल्या घराण्यांसाठी १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनचे काम फार मोलाचे आहे. इनाम कायम राहावे म्हणून घराण्यांना आपला हक्क सिद्ध करावा लागे आणि त्यासाठी कैफियती व वंशावळी सादर कराव्या लागत. अर्थात जेथे लाभ जोडलेला असतो, तेथील वंशावळ थोडी सावधपणे वाचावी. दत्तकाची गोष्ट सोयीने सांगितली वा दडवली जाण्याचा संभव अशा कागदांतच अधिक असतो.

सामान्य शेतकरी कुटुंबाचा माग मुख्यतः इंग्रजी अमदानीतील जमाबंदीपासून लागतो. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. जुने फेरफार, वारस नोंदी, कडईपत्रक, खासरापत्रक, पाहणीपत्रक आणि गावच्या जन्म-मृत्यूचा नमुना नंबर १४ ही या वर्गातील नित्याची साधने होत. नमुना १४ अथवा कोतवाल बुकातील मृत्यूची नोंद अनेकदा एका ओळीची असते, पण त्या ओळीत नाव, जात, वय आणि मरणाचे कारण असते. प्लेग किंवा पटकीच्या वर्षी एका घरातील तीन-चार नावे पाठोपाठ आली, की त्या घराचा पुढचा वंश का खुंटला हे न सांगता कळते. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आल्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींची नावे येऊ लागतात. त्यापूर्वीच्या फेरफारावरून कुटुंबाला मुलीच नव्हत्या, असा निष्कर्ष काढू नये.

जनगणना प्रथम १८७२ मध्ये झाली असली, तरी भारतात घरोघरच्या याद्या गोषवारा झाल्यानंतर जपल्या गेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये १८४१ पासूनच्या अशा याद्या माणसांच्या नावानिशी बव्हंशी टिकल्या आहेत. हा फरक इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके वाचून शोध सुरू करणाऱ्यांच्या उशिरा लक्षात येतो.

वह्यांत ज्यांना स्थान नव्हते

वहीत नाव येण्यासाठी तीर्थावर येण्याची मोकळीक व ऐपत लागते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश नव्हता. त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, व दादासाहेब गायकवाड यांच्या पुढाकाराने तो पुढील काही वर्षे चालला. रामकुंडाचा प्रश्नही त्या लढ्याचा भाग होता. अशा कुटुंबांच्या पिढ्यांचा शोध पुरोहितांच्या वह्यांपेक्षा महार वतनाचे कागद, कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर यांत घेणे श्रेयस्कर ठरते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. त्या वेळी वतनदारांच्या जमिनींचे जे कागद तयार झाले, त्यांत वारसांची नावे मिळू शकतात.

पेठ, सुरगाणा, दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरी या भागांतील कोकणा, महादेव कोळी, भिल्ल इत्यादी आदिवासी कुटुंबांची अडचण वेगळी आहे. अनेकांच्या नोंदीत आडनावच नसते किंवा जातीच्या रकान्यात लिहिणाऱ्याने स्वतःच्या समजुतीप्रमाणे एखादा शब्द टाकलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी तलाठ्याने किंवा शिक्षकाने घाईत लिहिलेला तो शब्द आज पणतवाच्या शिक्षणाचा प्रश्न होऊन उभा राहतो.

जातपडताळणी व न्यायालयीन पुरावा

महाराष्ट्रात वंशावळ हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी २००१ पासून अमलात आलेल्या राज्याच्या कायद्याने होते. अर्जदाराला ठरावीक दिनांकापूर्वीचे पूर्वजाचे जात व वास्तव्य दाखवावे लागते. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असा आहे. कागद ज्याचा आहे तो अर्जदाराचा पूर्वजच आहे, हे वंशावळीने जोडून दाखवावे लागते. साखळीतील एक कडी निखळली, तर कागद खरा असूनही उपयोगी पडत नाही.

मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर तहसील कार्यालये व शाळांमधील जुनी रजिस्टरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आणि मोडी वाचकांना अचानक मागणी आली. नाशिक जिल्हा मुंबई इलाख्यात असल्याने हैदराबाद संस्थानचे दप्तर त्याला थेट लागू पडत नाही. मात्र येवला, नांदगाव या सीमेवरील तालुक्यांतील ज्या कुटुंबांचे मूळ गाव वैजापूर किंवा गंगापूरकडे आहे, त्यांना निजामाच्या राज्यातील कागद पाहावे लागतात.

वारसाहक्काच्या दाव्यांत तीर्थपुरोहिताची वहीही न्यायालयापुढे येऊ शकते. नातेसंबंधाविषयी मृत व्यक्तीने वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले कथन भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ नुसार ग्राह्य धरता येत असे. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. परंतु नोंद कोणी केली, ती कोणाच्या ताब्यात होती आणि ती दाव्याआधीची आहे काय, हे सिद्ध करावे लागते. यजमानाची सही असलेल्या लेखाचे महत्त्व अशा वेळी वाढते.

देवळाली : ब्रिटिश व आयरिश कुटुंबे

नाशिकमध्ये पूर्वज शोधणारे सगळेच मराठी नसतात. देवळाली येथील छावणी ही मायदेशी जाणाऱ्या व नव्याने येणाऱ्या गोऱ्या फौजेचा टप्पा होती. जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या सैनिकांमुळे या गावाच्या नावावरून वेड लागणे या अर्थाचा ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. छावणीत झालेले बाप्तिस्मे, विवाह व दफन यांची नोंद धर्मोपदेशक करीत व तिची प्रत मुंबईमार्गे लंडनला जाई. मुंबई इलाख्याच्या या प्रती १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या असून त्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. त्यांतील पुष्कळ आता महाजालावर पाहता येतात.

आयरिश कुटुंबांना या प्रतींचे मोल अधिक वाटते. १९२२ मध्ये डब्लिन येथील सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात जळाले व त्यात जुन्या जनगणनेच्या याद्या आणि प्रोटेस्टंट चर्चची अनेक रजिस्टरे नष्ट झाली. एकोणिसाव्या शतकातील जमीनधारकांसाठी तेथील अभ्यासक आता ग्रिफिथची मूल्यांकन यादी पाहतात. ही यादी मुळात कर बसवण्यासाठी केलेली होती. नाशिकचा शेतकरी जसा खासरापत्रकात आजोबा शोधतो, तसाच हा प्रकार आहे. मात्र एखादा आयरिश सैनिक देवळालीत बाप झाला असेल, तर त्याच्या नावाची नोंद डब्लिनच्या आगीपासून दूर लंडनमध्ये राहिली.

शरणपूर : नाशिकपाशी थांबणारा माग

नाशिकजवळील शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये वसवली. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामवाहू गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईस आणली जात. त्यांतील अनेकांना शरणपूरला ठेवून शिक्षण व सुतारकाम, लोहारकाम असे हुन्नर शिकवले गेले. इंग्रजी ग्रंथांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटले आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात यांतील काही जण होते. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइट याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली. पुढे तो त्यांच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला व एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबे येथील दफनविधीत सहभागी झाला. त्यानंतर प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, व नाशिकला शिकलेली अनेक माणसे तेथे जाऊन स्थायिक झाली.

त्यांच्या केनियातील वंशजांचा शोध उलट दिशेने शरणपूरला येतो. मिशनची कागदपत्रे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. त्यांत पत्रव्यवहार व वसाहतीचे अहवाल सापडतात. पण बाप्तिस्म्याच्या वेळी मुलांना इंग्रजी नावे दिली गेली. आईबापांचे नाव, गाव, जमात यांपैकी मुलाला जे आठवले आणि ऐकणाऱ्याने लिहून घेतले, तेवढेच शिल्लक आहे. पुष्कळांच्या बाबतीत तेही नाही. पंचवटीत येणारा यजमान सात-आठ पिढ्या ऐकून परत जातो, आणि तेथून थोड्याच अंतरावर एका बालकाच्या मागील सर्व पिढ्या एका इंग्रजी नावाखाली झाकल्या जातात.

जतन व उपलब्धता

वह्या ही पुरोहित घराण्यांची खासगी मालमत्ता असून त्या सार्वजनिक अभिलेखागारात नाहीत. आपल्याच कुळाचा लेख दाखवण्याची प्रथा आहे. दुसऱ्या कुटुंबाची नोंद पाहण्याचा आग्रह कोणी धरल्यास तो अमान्य होतो, आणि तो योग्यच आहे. रामकुंड परिसर १९६९ व २००८ च्या महापुरांत पाण्याखाली गेला होता, त्यामुळे नदीकाठी राहणाऱ्या घराण्यांना कागद सांभाळण्याची चिंता कायमची आहे. काही घराण्यांनी वह्यांची संगणकीय प्रत करण्यास सुरुवात केली आहे. शासनाने जुने महसुली अभिलेख ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने खुले केले असून, जेथे गावाचा कागद चढवलेला नाही, तेथे तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा लागतो. अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर व अंदाजे वर्ष लिहिल्यास शोध सोपा होतो. केवळ पूर्वजाचे नाव देऊन कागद मिळणे कठीण असते.